‘मला मान्य आहे’ म्हणजे नेमके काय?

मनमाड हे खिडक्यांचे गाव आहे. रेल्वेचे मोठे जंक्शन असल्यामुळे तिकिटाची खिडकी पिढ्यानपिढ्या ओळखीची. अन्न महामंडळाची गोदामे इथलीच, त्यामुळे रेशनचे धान्य कुठून येते आणि कुठे अडते, याची चर्चा घरोघर चालते. कांद्याची पट्टी घ्यायला बाजार समितीची खिडकी आणि दाखला हवा असेल तर नांदगावच्या तहसील कचेरीची. खिडकीतला माणूस कधी तुसडा असे, कधी जेवायला गेलेला असे, कधी ‘उद्या या’ म्हणे. पण त्याला विचारता येई, त्याच्याशी वाद घालता येई आणि अगदीच झाले तर आत जाऊन साहेबांना भेटता येई.

गेल्या वीसेक वर्षांत या खिडक्या एकेक करून संगणकाच्या पडद्यावर गेल्या. रेल्वेचे तिकीट २००२ पासून संकेतस्थळावर मिळू लागले. सातबारा महाभूलेखवर आला. उत्पन्नाचा, वयाचा, रहिवासाचा दाखला ‘आपले सरकार’वर आला. पिकाची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या रूपाने शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. हा बदल वाईट आहे असे म्हणणारा मी नाही. नांदगावचे दोन हेलपाटे आणि एका दिवसाची मजुरी वाचली, तर ती कुणाला नको आहे? परंतु खिडकी जेव्हा पडद्यावर जाते, तेव्हा खिडकीवरची पाटी कुठे जाते, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. ती पाटी जाते पडद्याच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात. ‘अटी व शर्ती’, ‘गोपनीयता धोरण’ आणि ‘सुगम्यता’ असे ते तीन दुवे. तिथे कुणी जात नाही. आपण जातो ते वरच्या चौकटीकडे, जिथे लिहिलेले असते : ‘मला मान्य आहे’. ती चौकट भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, म्हणून आपण ती भरतो.

आजच्या लेखाचा विषय हा तळाचा बारीक मजकूर आहे. विषय रुक्ष वाटेल, याची मला कल्पना आहे. पण एखाद्या घराला दरमहा मिळणारे दीड हजार रुपये, एखाद्या शेताचा उतारा आणि एखाद्या आंधळ्या माणसाचे बँक खाते या मजकुरावर अवलंबून असते. त्यामुळे रविवारच्या चहाबरोबर थोडा वेळ त्यासाठी द्यावा, ही विनंती.

एका ओळीची किंमत

प्रथम ‘अटीं’कडे वळू. महाभूलेखवर सातबारा फुकट पाहता येतो. मात्र ही माहिती कोणत्याही शासकीय अथवा कायदेशीर कामासाठी वापरता येणार नाही, अशी सूचना त्याच ठिकाणी दिलेली असते. कायदेशीर उपयोगाचा उतारा हवा असेल, तर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपये भरून घ्यावा लागतो. दोन्ही कागद दिसायला जवळजवळ सारखे. ज्याने ती ओळ वाचली नाही, तो फुकटचा कागद छापून घेतो, कर्जासाठी बँकेत जातो आणि परत येतो. फरक पंधरा रुपयांचा आणि एका ओळीचा. पण ही ओळ वाचायची असते हे सांगणारे तिथे कुणी नसते.

रेल्वेचे उदाहरण आपल्या गावाला अधिक जवळचे. खिडकीवर काढलेले तिकीट प्रतीक्षा यादीत राहिले, तर गाडी सुटण्याच्या वेळेआधी किमान अर्धा तास ते रद्द करावे लागते, नाहीतर पैसे बुडतात. संकेतस्थळावर काढलेले तिकीट तक्ता लागल्यावरही प्रतीक्षा यादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात परत येतात. पण ते तिकीट हातात धरून कुणी गाडीत चढला, तर तो विनातिकीट प्रवासी ठरतो आणि दंड भरतो. एकाच गाडीची दोन तिकिटे, दोन वेगळ्या अटी. खिडकीवरचा बाबू निदान तोंडाने सांगे, ‘वेटिंग आहे, चालेल का?’ पडद्यावरही ते सांगितलेले असते, नाही असे नाही. पण ते वाचकाला कळेल अशा भाषेत, कळेल अशा जागी सांगितले आहे की केवळ ‘सांगितले होते’ असे नंतर म्हणता यावे म्हणून, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा. त्यात संमतीची व्याख्या मोठी मार्मिक आहे. दोन माणसांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला, तरच ती संमती. एकाने ‘होय’ म्हणताना एक समजावे आणि दुसऱ्याने दुसरे, तर कायद्याच्या लेखी तिथे संमतीच झालेली नाही. आता ‘मला मान्य आहे’ या चौकटीला हा निकष लावून पाहा. चौकट लिहिणाऱ्याच्या डोक्यात दहा पानांचा मजकूर असतो. ती भरणाऱ्याच्या डोक्यात फक्त ‘पुढे जा’ एवढेच असते.

सुप्याचे कर्जरोखे

महाराष्ट्राने हे दुखणे एकदा सोसलेले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. तिथून तो वणवा पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आपल्या शेजारच्या आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पसरला. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखले जातात. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की लोकांचा मुख्य रोख होता तो कागदांवर. कर्जरोखे आणि खतपत्रे हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. सावकाराने लिहिलेले, शेतकऱ्याला वाचता न येणारे आणि तरीही त्याच्या अंगठ्याने किंवा निशाणीने ‘मान्य’ झालेले ते कागद होते.

इंग्रज सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्यातली एक तरतूद आजही विचार करायला लावते. शेतकऱ्याने करून द्यायचे खत गावपातळीवरच्या निबंधकासमोर लिहिले जावे, असे त्या कायद्याने ठरवले. कागदावर अंगठा आहे एवढे पुरेसे नाही. तो कशावर उमटतो आहे हे अंगठा देणाऱ्याला कळले पाहिजे आणि ते कळवण्याची जबाबदारी कुणावर तरी असली पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते. त्या कायद्याने शेतकऱ्यांचे कर्ज संपले नाही. पण ‘अंगठा म्हणजे संमती’ हे समीकरण दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारलाही पुरेसे वाटले नाही, ही नोंद महत्त्वाची आहे.

आज आपले सरकार सावकार नाही. पण पान त्याचे, अटी त्याच्या, भाषा त्याची आणि पर्याय एकच, अशी स्थिती असेल तर दोन्ही बाजू समान राहत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली यांच्या गाजलेल्या खटल्यात हेच म्हटले होते. दुबळ्या पक्षाला ‘घ्या नाहीतर जा’ असे सांगून ठिपक्यांच्या रेघेवर सही करून घेतलेली अन्यायकारक अट न्यायालय पाळायला लावणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. ठिपक्यांच्या रेघेच्या जागी चौकट आली, एवढाच बदल.

‘नाही’ला ‘होय’ म्हणायचे की ‘नाही’?

हे सगळे तात्त्विक वाटत असेल, तर अगदी ताजे उदाहरण घेऊ. जून २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या स्त्रियांना दरमहा दीड हजार रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने सर्व लाभार्थींना संकेतस्थळावर जाऊन ई-केवायसी, म्हणजे आधारद्वारे ओळखीची खातरजमा करायला सांगितले. मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत गेली. त्या महिन्यांत स्टेशनकडून गावात येताना ‘सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी असलेल्या प्रत्येक दुकानापुढे बायकांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. त्याच दुकानात झेरॉक्स, तिथेच लॅमिनेशन आणि तिथेच सरकार.

या खातरजमेत स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला होता. ज्यांना पतीही नाही आणि वडीलही नाहीत, त्यांनी काय करावे, याचे उत्तर पानाने दिले नाही. ते नंतर अंगणवाडी सेविकांमार्फत कागद देण्याची सोय करून द्यावे लागले. शेवटी दोन घोषणांना होकार द्यायचा होता. त्यातली एक अशा आशयाची, की माझ्या कुटुंबातील सदस्य सरकारी नोकरीत कायम नाहीत किंवा निवृत्तिवेतन घेत नाहीत. पर्याय दोन : ‘होय’ आणि ‘नाही’.

आता हे वाक्य घरात मोठ्याने वाचून पाहा. ‘घरात कुणी सरकारी नोकरीत नाही’ यावर बोली मराठीत आपण काय म्हणतो? बहुतेक जण म्हणतील, ‘नाही, कुणी नाही.’ म्हणजे खरे बोलणारी बाई ‘नाही’वर बोट ठेवणार आणि संगणक त्याचा अर्थ घेणार, की घरात सरकारी नोकर आहे. व्याकरणाच्या दृष्टीने संगणक बरोबर, पण बाईही खोटी नाही. अनेकींनी चुकीचा पर्याय निवडल्याचे पुढे आल्यावर दुरुस्तीची संधी द्यावी लागली आणि जानेवारी २०२६ मध्ये अंगणवाडी सेविकांकडून प्रत्यक्ष पडताळणी करून घेण्याचे सरकारला ठरवावे लागले. ज्या अंगणवाडी सेविकेचे काम कमी करण्यासाठी संकेतस्थळ आणले, तिलाच शेवटी दारोदार फिरावे लागले.

यात कुणाचा दुष्ट हेतू होता, असे मी म्हणत नाही. अपात्र लाभार्थी शोधणे हे सरकारचे कामच आहे. हजारो पुरुषांनीही या योजनेचे पैसे उचलल्याचे खुद्द सरकारनेच २०२५ मध्ये सांगितले होते. मुद्दा वेगळा आहे. ते एक वाक्य प्रसिद्ध करण्याआधी कुणी दहा बायकांसमोर वाचून दाखवले असते, तर अर्ध्या तासात चूक लक्षात आली असती. शासनाची भाषा मराठी आहे हे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने ठरले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जाही मिळाला. पण मराठी असणे आणि मराठी माणसाला कळणे, यात अजून अंतर आहे.

आपली माहिती, कुणाचा माल?

दुसरा दुवा गोपनीयतेचा. याबाबत रेल्वेच्या गावाने विसरू नये अशी एक घटना आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये रेल्वेची तिकिटे विकणाऱ्या आयआरसीटीसीने एक निविदा काढली. प्रवाशांच्या माहितीपासून उत्पन्न कसे मिळवता येईल, याचा अभ्यास करण्यासाठी सल्लागार नेमण्याची ती निविदा होती. आपण कुठून कुठे जातो, कधी जातो, बरोबर कोण असते, त्यांची वये काय, पैसे कसे भरतो, हे सारे त्या कंपनीकडे असते. बोभाटा झाला, संसदेच्या स्थायी समितीने जाब विचारला आणि त्याच महिन्यात निविदा मागे घेण्यात आली. पण प्रवाशांपैकी कितीजणांना आपण तिकिटाबरोबर ही माहितीही देऊन बसलो आहोत, याची जाणीव होती?

दुसरी घटना २०१७ ची. केंद्र आणि राज्य सरकारांच्या दोनशेहून अधिक संकेतस्थळांवर लाभार्थींची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक सर्वांना दिसतील असे ठेवले गेल्याचे आधार प्राधिकरणानेच माहिती अधिकारात सांगितले. ती नंतर काढण्यात आली. चोरी झाली नव्हती. सरकारी खात्यांनी ती आपल्या हाताने चव्हाट्यावर मांडली होती.

त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने त्यानंतर दीड वर्षाने लागू होतील असे ठरवण्यात आले. या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे. संमती मागणारा मजकूर सोप्या आणि स्पष्ट भाषेत असला पाहिजे आणि तो इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. आपली मराठी त्यात आलीच. माहिती सांभाळण्यात कुचराई करणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडही आहे.

पण त्याच कायद्यात दुसरे कलमही आहे. अनुदान, लाभ, सेवा, दाखला, परवाना देण्यासाठी सरकारला नागरिकाची माहिती काही परिस्थितींत नव्याने संमती न मागता वापरता येते. शिवाय सरकारच्या ज्या यंत्रणा अधिसूचित होतील, त्यांना देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी कायद्यातून सूटही मिळू शकते. उलट नागरिकाने आपले कर्तव्य मोडले, उदाहरणार्थ दुसऱ्याचे नाव धारण केले, तर त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे किराणा दुकानदाराने मोबाइल क्रमांक मागितला तर त्याने संमती घ्यायची, आणि आपल्या घरातली सर्वांत नाजूक माहिती ज्याच्याकडे आहे त्याला मात्र सवलत. सवलतीला काही कारणे असतीलही. रेशन देताना दरवेळी संमतीपत्र भरून घ्यावे असे कुणी म्हणणार नाही. पण संमती नको असेल, तर सांगण्याची जबाबदारी अधिक वाढते. काय घेतले, कशासाठी घेतले, कुणाला दाखवले, किती दिवस ठेवणार आणि तक्रार कुणाकडे करायची, या पाच प्रश्नांची उत्तरे एका पानावर मराठीत देता येतात. ती न देण्याला कारण नाही.

येथे एक सावधगिरीही हवी. गोपनीयता हे नागरिकाचे चिलखत आहे, अधिकाऱ्याचा पडदा नव्हे. याच २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीविषयीचे कलम बदलले आणि पूर्वी त्याच कलमात असलेला सार्वजनिक हिताचा अपवाद काढून टाकला. सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची मुभा माहिती अधिकाराच्या दुसऱ्या एका कलमात आहे, पण ती मागणाऱ्याला आता झगडावे लागेल. लाभार्थी कोण, कामाचे पैसे कुणी उचलले, हे विचारणाऱ्या गावकऱ्याला ‘वैयक्तिक माहिती आहे’ असे उत्तर मिळू लागले, तर खाजगीपणाचा अधिकार भलत्याच्या उपयोगी पडेल. विधवेचा आधार क्रमांक झाकावा. कंत्राटदाराचे देयक झाकू नये. एवढा विवेक ठेवणे अवघड नाही.

दार उघडे, पण उंबरठा कमरेएवढा

तिसरा दुवा सुगम्यतेचा. हा शब्द नवा वाटेल. अर्थ साधा आहे. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचे हात थरथरतात किंवा ज्याला बारीक अक्षर लागत नाही, त्यालाही दुसऱ्याची मदत न घेता काम करता आले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यात साठी-सत्तरीतले आपले आईवडील धरलेले नाहीत, ज्यांना चष्मा लावूनही मोबाइलवरचा फॉर्म दिसत नाही.

अंध व्यक्ती संगणक वापरतात ते पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीने. ती मराठीही वाचते. पण अडथळे कुठे येतात पाहा. शासन निर्णयाचा कागद छायाचित्रासारखा चढवला असेल, तर प्रणालीच्या दृष्टीने ते पान कोरे असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी टंकात मजकूर असेल, तर ती अगम्य इंग्रजी अक्षरे बडबडते. रकान्याला नाव दिलेले नसेल, तर तिथे नाव लिहायचे की पिनकोड, हे कळत नाही. आणि ‘चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखा’ अशी परीक्षा आली आणि ती ऐकवण्याची सोय नसली, की सारेच संपते. यंत्राला अडवण्यासाठी केलेली ती युक्ती आंधळ्या माणसालाही अडवते. चौकशी केली तर उत्तर मिळते, ‘कुणाला तरी बरोबर घेऊन या.’ आपला बँक क्रमांक आणि परवलीचा अंक दुसऱ्याच्या हाती देण्याची सक्ती म्हणजे गोपनीयतेचाही शेवट. सुगम्यता आणि खाजगीपणा अशा रीतीने एकमेकांत गुंतलेले आहेत.

कायदा याबाबत कमी नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती आणि सेवा सर्वांना वापरता येतील अशा करणे बंधनकारक केले. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, किमान निकष सक्तीचेच हवेत. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने ॲसिड हल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्या आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल दिला. बँकेच्या ओळख-तपासणीत ‘कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा’ अशी अट होती. ज्यांना पापण्याच हलवता येत नाहीत, त्यांनी काय करावे? न्यायालयाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले.

पापणीसारखीच अंगठ्याचीही गोष्ट. हमाली करणाऱ्याच्या, माती उपसणाऱ्याच्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. ज्याने आयुष्यभर धान्याची पोती वाहिली, त्याचाच ठसा रेशनच्या यंत्राला ओळखू येऊ नये, यासारखी विसंगती नाही. आधारविषयीच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाच्या वेळी, ठसा जुळला नाही एवढ्यावरून पात्र माणसाला लाभापासून वंचित ठेवले जाणार नाही, असे सरकारने न्यायालयाला सांगितले होते. हे आश्वासन दुकानाच्या पाटीवर किती ठिकाणी लिहिलेले दिसते?

मग करायचे काय?

‘लोकांनी शिकून घ्यावे’ असे एक सोपे उत्तर दिले जाते. लोक शिकतातच. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम एकतृतीयांश स्त्रियांनी इंटरनेट कधीतरी वापरल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण सत्तावन्न टक्के होते. तेव्हापासून आकडे वाढले असतील, तरी घरातला मोबाइल बहुधा कुणाच्या हातात असतो, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे. सर्वांनी शिकेपर्यंत हक्क थांबवून ठेवता येत नाहीत.

सरकारकडून अपेक्षा चारच आहेत आणि त्यांना फार खर्च नाही. एक, प्रत्येक सेवेच्या अटी एका पानात, बोलीला जवळच्या मराठीत, ‘मान्य आहे’च्या चौकटीच्या वरच द्याव्यात. दोन, कोणतेही पान खुले करण्यापूर्वी ते एका अंध व्यक्तीकडून, एका सत्तरीच्या आजोबांकडून आणि एका अंगणवाडी सेविकेकडून भरून घ्यावे. तीन, ‘माहिती अचूक असल्याची हमी नाही’ हे वाक्य सरकारने निदान आपल्याच दाखल्यांच्या आणि मुदतींच्या बाबतीत वापरू नये. चुकीच्या सूचनेचा भुर्दंड नागरिकावर पडता कामा नये. आणि चार, खिडकी पूर्ण बंद करू नये. संकेतस्थळ ही खिडकीची जोड असावी.

वाचकांच्या हातातही बरेच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे. त्यानुसार अर्जाचा क्रमांक असलेली पोच आपण मागू शकतो, मुदतीत काम झाले नाही तर पहिले आणि दुसरे अपील आणि शेवटी आयोगाकडे दाद मागू शकतो. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. दुकानात फॉर्म भरून घेताना मोबाइल क्रमांक आपलाच द्यावा, दुकानदाराचा देऊ नये. परवलीचा अंक मोठ्याने सांगू नये. आधारची प्रत द्यायचीच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारी, बाकीचे झाकलेली प्रत मिळते, ती द्यावी. काम झाल्यावर आपले कागद संगणकातून पुसायला सांगावेत आणि पोच छापून घ्यावी. संकेतस्थळाचा पत्ता सरकारीच आहे ना, हे पाहावे. लोकप्रिय योजनांच्या नावाने बनावट पाने निघतात. आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना एक काम द्यावे : आजीचा फॉर्म भरताना ‘मान्य आहे’वर बोट ठेवण्याआधी वरचा मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवायचा.

१८७९ च्या कायद्याने गावोगाव निबंधक नेमले ते याच कामासाठी. आज ते काम झेरॉक्सच्या दुकानदारावर, अंगणवाडी सेविकेवर आणि घरातल्या नातवावर येऊन पडले आहे आणि ते बिचारे जमेल तसे करीतही आहेत. पण हे काम मुळात पान लिहिणाऱ्याचे आहे. संमती कळून दिलेली असेल तरच सरकार आणि नागरिक यांच्यात करार होतो. न कळता दिलेली असेल, तर ती बाईने उमटवलेली एक निशाणी उरते आणि तिचा अर्थ दुसरेच कुणी लावतो. सुप्याच्या शेतकऱ्यांनी तसल्या निशाण्यांचे कागद जाळले. आपल्यावर ती वेळ येऊ नये अशी इच्छा असेल, तर कागद वाचता येईल असा लिहून मागणे, एवढे तरी आपण आजपासून सुरू केले पाहिजे.